उपवास मोजू नका, पारणं विचारा

खाण्याचे आजार ओळखण्यासाठी ज्या प्रश्नावल्या शाळा-कॉलेजांतून मुलींच्या हातात दिल्या जातात, त्यांच्याविषयी दोन प्रकारची माणसं बोलतात. पहिली म्हणतात, प्रश्नावली परदेशातली असली म्हणून काय झालं? मराठीत, कन्नडमध्ये भाषांतर करा, झालं काम. दुसरी जरा जास्त समजूतदार. ती म्हणतात, नुसतं भाषांतर नको, आपली संस्कृती बघा. उपवासाच्या प्रश्नापुढं कंसात ‘धार्मिक उपवास सोडून’ एवढं घाला. पहिल्यांचं म्हणणं खोटं ठरून पस्तीस वर्षं उलटली. दुसऱ्यांचं म्हणणं त्याहून धोक्याचं आहे, आणि ते आपल्या धर्माचा मान राखायच्या नावानं येतं, म्हणून मला त्याच्याशी भांडायचं आहे.

मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेली, तीस वर्षं बेळगावात स्वयंपाकघर सांभाळणारी जैन बाई आहे. पण हा विषय ताटाचा आहे. घरात कुणी ताट पुढं ओढलं आणि कुणी मागं सारलं, हे डॉक्टरांच्या आधी आम्हा बायकांना कळतं. तेव्हा या विषयात बोलायचा मला अधिकार आहे असं मी धरून चालते.

आधी आजार म्हणजे काय ते सांगते, कारण पुष्कळांना तो श्रीमंत पोरींचा नखरा वाटतो. ॲनोरेक्सिया म्हणजे मुलगी खाणं तोडत तोडत जाते, वजन घसरतं, हाडं दिसू लागली तरी थांबत नाही, थांबता येत नाही. बुलिमिया म्हणजे भान हरपून एका बैठकीत भरमसाट खायचं आणि मग उलटी काढून नाहीतर जुलाबाचं औषध घेऊन ते बाहेर टाकायचं. ज्या मानसिक आजारांत सगळ्यात जास्त माणसं दगावतात त्यांत ॲनोरेक्सिया मोडतो. मुलांनाही तो होतो, पण मुलींना जास्त. वेळेवर ओळखला तर बरा होऊ शकतो. म्हणून तर प्रश्नावली. ती निदान करत नाही, नुसती गाळते. कुणाला पुढं डॉक्टरकडं पाठवायचं एवढंच सांगते.

आता गाळण्याचं काम आम्हा जैनांच्या घरात रोजचं. पाणी गाळायचं फडकं कसं असावं, किती पदरी असावं, हे आम्हाला लहानपणी शिकवतात. विरळ फडकं घेतलं तर गाळल्याचं नुसतं समाधान मिळतं. आणि गाळून झाल्यावर फडक्यात राहिलेले जीव फेकायचे नसतात, ज्या पाण्यातले त्या पाण्यात जपून सोडायचे असतात. प्रश्नावलीलाही हेच दोन नियम लावा. फडकं नीट आहे का? आणि त्यात जी मुलगी सापडली तिचं पुढं काय केलं?

जगभर सगळ्यात जास्त वापरली गेलेली प्रश्नावली कॅनडात टोरांटोला तयार झाली. डेव्हिड गार्नर आणि पॉल गारफिंकल यांनी १९७९ साली ४० प्रश्नांची केली, १९८२ साली ती २६ प्रश्नांवर आणली. ‘नेहमी’ म्हटलं की ३ गुण, ‘बहुतेक वेळा’ला २, ‘बऱ्याचदा’ला १, त्याखाली शून्य. बेरीज २० किंवा वर गेली की डॉक्टरकडं पाठवायचं. त्या मुलखातल्या मुलींसाठी ती चांगली होती, याबद्दल माझा वाद नाही.

आता तीच माझ्यापुढं ठेवा. भूक असून खाणं टाळता का? होय, अष्टमी-चतुर्दशीला. गोड टाळता का? होय, माझी साखर वाढलेली आहे. गोड खाल्ल्यावर बरं वाटत नाही का? होय, कारण तेच. पोट रिकामं असलेलं आवडतं का? होय. पोटभर न खाता चार घास कमी खाणं, म्हणजे अवमौदर्य, हे आमच्याकडं बाह्य तपांपैकी एक तप आहे. शास्त्रात तर पुरुषाचा आहार ३२ घास आणि बाईचा २८ घास असा हिशेब सांगून त्यातून कमी करायला सांगितलंय. अन्नापुढं संयम पाळता का? अहो, जन्मभर दुसरं काय शिकवलं आम्हाला! लोक खाण्याची बळजबरी करतात असं वाटतं का? महाराष्ट्रात आणि सीमाभागात एखाद्या लग्नाच्या पंगतीला बसून बघा; ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून जिलेबी पडते. अन्नाचा फार विचार करता का? सकाळी डोळा उघडल्यापासून! डब्याला काय, अंधार पडायच्या आत सगळ्यांना जेवायला काय, उद्या चतुर्दशी म्हणजे हिरवी भाजी नाही, मग काय? ज्या बाईनं स्वयंपाक केलाय तिला हा प्रश्न विचारणं म्हणजे शेतकऱ्याला ‘पावसाचा फार विचार करता का’ असं विचारणं.

सात प्रश्न, सात ‘नेहमी’, २१ गुण. मी रुग्ण ठरले. माझ्या ओळखीच्या निम्म्या श्राविका माझ्यासोबत रांगेत उभ्या राहतील.

हे मी नुसतं विनोदानं सांगत नाही. मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा या दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी ही प्रश्नावली हिंदीत करून उत्तर भारतातल्या विद्यार्थिनींना भरायला दिली, आणि १९८९ साली तिचे निष्कर्ष छापले. शंभरातल्या जवळपास तीस मुली २०च्या वर गेल्या. तीस टक्के मुली आजारी? नव्हत्याच. काही प्रश्न मुलींनी वेगळ्याच अर्थानं घेतले होते, आणि उपवासाला त्यांच्या घरात धर्माचा अर्थ होता. भाषांतर तपासलेलं होतं. शब्द बरोबर होते, पण शब्दामागचं घर वेगळं होतं. म्हणून म्हटलं, नुसत्या भाषांतराचा वाद तेव्हाच संपला.

आणि हे दुखणं एकट्या भारताचं नाही. दक्षिण आफ्रिकेत डॅनियल ल ग्रांज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गरीब वस्तीतल्या काळ्या मुलामुलींचे गुण असेच वर गेलेले दिसले. समोर बसवून विचारल्यावर उलगडा झाला. मन सारखं अन्नाकडं लागतं असं ती मुलं सांगत होती, कारण घरात पुरेसं अन्नच नव्हतं. भुकेल्या पोराला तुम्ही मानसिक रोगी ठरवायला निघालात, तर चूक त्या पोराची की कागदाची?

इथपर्यंत माझ्या समाजातले लोक माझ्याशी सहमत होतील. ‘बघा, आमच्या तपाला हे लोक रोग म्हणतात’ असं म्हणून टाळ्याही देतील. त्यांनी जरा थांबावं.

कारण हीच प्रश्नावली जशी निरोगी बाईला पकडते, तशीच आजारी मुलीला सोडूनही देते. तिचे कितीतरी प्रश्न लठ्ठ होण्याच्या भीतीभोवती फिरतात. जिला ती भीती आहे आणि जी ती बोलून दाखवते, तीच सापडते. हाँगकाँगच्या सिंग ली यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली ७० चिनी रुग्णांचा अभ्यास मांडला. ॲनोरेक्सियानं खंगलेल्या त्या ७० पैकी ४१ जणांना लठ्ठपणाची भीती नव्हतीच. पोट फुगतं, भूक नाही, अन्न जात नाही, असं ते सांगत. आपल्या दिल्लीच्या एम्समधल्या खंडेलवाल आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली पाच तरुण मुलींची हकिगत लिहिली. खाणं बंद, उलट्या, वजन उतरलेलं, पाळी थांबलेली, आणि तरीही शरीराच्या आकाराबद्दल तक्रार नाही. आपल्या घरातली मुलगीसुद्धा ‘मला जाड व्हायचं नाही’ असं कशाला म्हणेल? ती म्हणेल, पित्त झालंय. पोटात गच्च वाटतंय. नको, जात नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली रोगांच्या व्याख्या नव्यानं छापल्या तेव्हा एवढं केलं की लठ्ठपणाची भीती तोंडानं सांगितलीच पाहिजे ही अट सैल केली, वागण्यावरूनही ओळखता येईल असं म्हटलं, आणि पाळी थांबल्याची अट काढून टाकली. व्याख्या बदलली, पण वाटले जाणारे कागद पुष्कळ ठिकाणी जुनेच आहेत.

आणखी एक. जुलाबाचं औषध घेता का, असं कागदावर विचारतात. फिजी बेटांवर ॲन बेकर या संशोधक बाईंनी पुष्कळ वर्षं काम केलंय. दूरदर्शन संच आल्यानंतर तिथल्या मुलींच्या खाण्यात काय बदल झाला हे त्यांनी पाहिलं. २०च्या वर गुण असणाऱ्या मुली १९९५ साली १२.७ टक्के होत्या, १९९८ साली २९.२ टक्के झाल्या. पुढं त्यांच्या गटाला दिसलं की तिथल्या काही मुली पोट रिकामं करायला दुकानातलं औषध घेत नाहीत, घरगुती झाडपाला घेतात. नेहमीच्या प्रश्नात तो पकडलाच जात नाही. आता आपल्या घरातलं फडताळ उघडा. एरंडेल, त्रिफळा चूर्ण, सोनामुखी. जुलाबाचं औषध घेतेस का विचारल्यावर मुलगी ‘नाही’ म्हणेल आणि ती खोटं बोलत नसेल, कारण चूर्णाला आपण औषध म्हणतच नाही.

वजनाचंही तसंच. इंग्लंडमध्ये १९९९ साली पाच प्रश्नांची एक सुटसुटीत प्रश्नावली निघाली. त्यात तीन महिन्यांत एक स्टोन वजन उतरलं का, असा प्रश्न आहे. एक स्टोन म्हणजे जवळजवळ साडेसहा किलो. आपली कॉलेजातली पोरगी मुळात ३८ किलोची. तिचं साडेसहा किलो उतरेपर्यंत वाट बघायची म्हणजे सहावा हिस्सा देह गेल्यावर जागं व्हायचं.

तर कागद बदलायला पाहिजे हे ठरलं. आता येतो तो कंस. ‘धार्मिक उपवास सोडून.’

माझ्या माहितीतल्या दोन मुली आहेत. एकीनं दसलक्षणात दहा दिवस एकासन केलं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. पुढच्याच आठवड्यात कॉलेजात असा कागद भरून घेतला. गुण वीसच्या वर गेले, घरी पत्र आलं. आई रडायला लागली, आज्जी भडकली, ‘तप केलं म्हंजे येड लागलं व्हय?’ मुलगी ठणठणीत होती. पर्व संपल्यावर चार दिवसांत भावाच्या ताटातला पापड पळवत होती. समाजातले चार लोक कॉलेजात जाऊन बोलले, आणि पुढच्या वर्षीच्या कागदात कंस आला.

त्याच वर्षी दुसरी मुलगी तो कागद भरून निघून गेली. गुण अगदी कमी. तिनं आषाढातली अष्टान्हिका केली होती, मग रविवारचं व्रत धरलं होतं, मग दसलक्षण, मग कुणीही न सांगता आपल्या मनानं आणखी काही. सगळं धार्मिक, म्हणून सगळं कंसात, म्हणून सगळं शून्य. पाळी बंद होऊन पाच महिने झाले होते, ऐन मे महिन्यात ती स्वेटर घालून बसायची, केसांचे पुंजके कंगव्यात येत होते. आणि बस्तीत बायका तिच्या आईला म्हणत होत्या, पुण्यवान आहेस बाई, पोटी तपस्विनी आली. पुढं सलाईन लावायची पाळी आली तेव्हा कळलं. आज ती बरी होते आहे, पण ते कागदामुळं नव्हे, तिच्या मामीमुळं. मामीला एकच गोष्ट खटकली होती. ती म्हणाली, ‘ह्या पोरीला पारण्याचा आनंदच होत नाही.’

मामीच्या या एका वाक्यात मला सगळ्या प्रश्नावल्यांपेक्षा जास्त शहाणपण दिसतं. उपवास दोघींनीही केला होता. मोजला तरी फसाल, वगळला तरी फसाल. फरक पारण्याच्या दिवशी दिसतो. निरोगी मुलगी आदल्या रात्रीपासून घड्याळाकडं बघते, मुगाचं कढण आवडीनं पिते, कौतुक करून घेते, आणि आठवड्याभरात पूर्वीसारखी जेवायला लागते. आजारी मुलगी पारण्याला घाबरते. दोन घोट घेऊन उठते, उद्यापासून दुसरं व्रत धरते, नाहीतर बाथरूमचं दार लावून घेते.

काही जाणकार म्हणतील, हेतू विचारा म्हणजे झालं. ऑक्सफर्डला फेअरबर्न आणि बेग्लिन यांनी १९९४ साली मांडलेल्या प्रश्नावलीत तसं आहेच. जागेपणी आठ तास किंवा जास्त वेळ काही न खाता राहिलात का, हे तिथं वजनावर किंवा आकारावर परिणाम व्हावा या हेतूनं का, असं जोडून विचारतात. प्रश्न चांगला आहे. पण आमच्या मुलीला तो पुरत नाही. देहाचा मोह सोड, असं ज्या घरात आज्जीपासून सगळे सांगतात, तिथली आजारी मुलगी ‘कर्मनिर्जरेसाठी’ असंच लिहिणार. कदाचित तिला स्वतःलाही तेच खरं वाटत असेल. एका मनात दोन हेतू राहू शकतात, आणि चांगला हेतू वाईटाला पांघरूण घालतो. म्हणून हेतूच्या जोडीला वागणं विचारा.

व्रत एकटी करतेस की सगळ्यांबरोबर? पर्व संपल्यावर थांबतेस का? उपवासात वजनकाट्यावर उभी राहतेस का, किती वेळा? महाराजांनी किंवा डॉक्टरांनी आता बास म्हटलं तर ऐकशील का? पारण्याला काय खाल्लंस, आणि नंतर कसं वाटलं? चूर्ण, एरंडेल घेतेस का? पाळी आली का? व्रताचं खोटं सांगून जेवण चुकवलंस का? आणि तिच्या आईला, वहिनीला वेगळं विचारा. हे प्रश्न मी स्वयंपाकघरातून काढलेत. डॉक्टरांनी ते तपासावेत, बदलावेत, शंभर-दोनशे मुलींना विचारून, मग त्यांतल्या पुष्कळ जणींशी समोरासमोर बोलून पारखावेत. पण सुरुवात आमच्या घरातून व्हावी, आणि प्रश्न मुलगी घरात बोलते त्या भाषेत असावेत. बेळगावात कागद कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत येतो, आणि पोटाचं दुखणं पोरगी मराठीत सांगते.

‘धर्मात ढवळाढवळ’ ही ओरड मला अपेक्षित आहे. त्यांना मी धर्मातूनच उत्तर देते. सोळा कारण भावनांत ‘शक्तितस्तप’ आहे. तप करायचं ते शक्तीप्रमाणं. मग शक्ती किती आहे हे कुणीतरी बघायला नको का? आचार्य समंतभद्रांची कथा आपण सगळे ऐकत आलोय. त्यांना भस्मक व्याधी झाली, किती खाल्लं तरी भूक शमेना. त्यांनी गुरूंकडं सल्लेखनेची परवानगी मागितली. गुरूंनी नाकारली. आधी व्याधी बरी करा, त्यासाठी मुनिवेष सोडावा लागला तरी चालेल, असं सांगितलं. खाण्याचा आजार वेगळा आणि व्रत वेगळं, हे आपल्या परंपरेला तेव्हाही माहीत होतं. एवढ्या मोठ्या आचार्यांना गुरू ‘थांबा’ म्हणू शकले, आणि आपण सतरा वर्षांच्या पोरीला म्हणू शकत नाही?

२०१६ साली हैदराबादेत तेरा वर्षांची एक जैन मुलगी ६८ दिवसांच्या उपवासानंतर गेली. देशभर बातमी झाली. तिला हा आजार होता असं मी मुळीच म्हणत नाही. तो निवाडा करणारी मी कोण? मी एवढंच विचारते की ‘धार्मिक उपवास सोडून’ असं छापलेला कागद तिच्या हातात कुणी ठेवला असता, तर त्यानं काय सांगितलं असतं? सांगितलं असतं, सगळं ठीक आहे. ६८ दिवस, आणि गुण शून्य. तो कंस आपल्या धर्माचा मान ठेवत नाही. तो आपल्या मुलींच्या जिवाची जबाबदारी झटकायची सोय करून देतो, डॉक्टरांनाही आणि आपल्यालाही.

म्हणून माझं मागणं दोघांकडं आहे. प्रश्नावली करणाऱ्यांनो, आमच्या व्रतांना भिऊन बाजूला होऊ नका. अष्टान्हिका कधी, एकासन म्हणजे काय, चतुर्दशीला काय वर्ज्य, हे आधी शिकून घ्या आणि मग धीटपणानं विचारा. दसलक्षणाच्या आठवड्यात कागद वाटू नका. महिन्याभरानं या, तेव्हा कोण जेवायला लागली आणि कोण नाही हे दिसेल. आणि जी मुलगी गाळणीत सापडेल तिच्या घरी नुसतं पत्र धाडू नका, बोलायला माणूस पाठवा.

आणि बायांनो, बस्तीत तपस्विनीचा सत्कार कराल तेव्हा नारळ, शाल द्याच. पण आठ दिवसांनी तिच्या घरी जाऊन या. बसा, पाणी घ्या, आणि तिच्या आईला सहज विचारा, पोरगी जेवते का गं आता?